कायतान म्हणजे गाएतेकर : एका इटालियन नावातला ग आणि क

अर्धमात्रा
गोव्यातला कायतान, नेपल्सचा गाएतानो, माद्रिदचा कायेतानो, म्युनिकचा कायेतान आणि पॅरिसचा गाएतां ही सगळी एकच नाव धारण करणारी माणसं आहेत. हा धागा त्या नावासाठी.

रोमहून किनाऱ्याकिनाऱ्याने नेपल्सकडे जाताना एका भूशिरावर गाएता हे जुनं बंदर लागतं. लॅटिनमध्ये त्याचं नाव कायेता. त्याला -आनुस हा प्रत्यय लागला की कायेतानुस, म्हणजे 'कायेतेचा माणूस'. आपला -कर हेच काम करतो. बडोद्याचा बडोदेकर, तसा गाएतेचा गाएतेकर. फरक एवढाच की आपल्याकडे -कर आडनावात राहिला आणि तिकडे हे विशेषण बाप्तिस्म्याचं नाव झालं.

आता ध्वनी. लॅटिन कायेता इटालियनमध्ये गाएता झाली ती दोन बदलांनी. शब्दारंभीचा क मऊ होऊन ग झाला. हे इटालियनमध्ये बऱ्याच शब्दांत दिसतं: कात्तुसचं गात्तो (मांजर), क्रास्सुसचं ग्रास्सो (लठ्ठ), क्रिप्ताचं ग्रोत्ता (गुहा). दुसरा बदल म्हणजे दोन स्वरांमधला य गळाला. मायेस्तास या लॅटिन शब्दाचं माएस्ता झालं, तसंच इथेही. म्हणून इटालियन उच्चार चार अक्षरांचा आहे: गा-ए-ता-नो, जोर 'ता'वर. देवनागरीत 'गेतानो' किंवा 'गॅटॅनो' लिहिलं तर नाव मोडतं. आ आणि ए वेगळे उच्चारायचे, आणि त हा आपला दंत्य त आहे, ट नव्हे.

माझं म्हणणं असं: जिथे हे नाव ग ने सुरू होतं, तिथे ते इटलीच्या बोलण्यातून गेलं. जिथे क ने सुरू होतं, तिथे ते चर्चच्या लॅटिनमधून, कागदावरून गेलं. पहिलं अक्षर बघितलं की वाट कळते. तपासून पाहू या.

कोरीव
गावाच्या नावाबद्दल भर घालतो. व्हर्जिलच्या 'एनिड'चा सातवा सर्ग कायेतेच्या उल्लेखाने सुरू होतो. ती इनिअसची दाई, या किनाऱ्यावर वारली आणि तिचं नाव जागेला मिळालं, असं कवी सांगतो. ही दंतकथा आहे. भूगोलकार स्ट्रॅबोचं स्पष्टीकरण वेगळं आहे. तो म्हणतो की स्पार्टाच्या बाजूचे ग्रीक पोकळ, खोलगट गोष्टींना जो शब्द वापरत तो कायेतासारखा होता, आणि इथला आखात तसाच आत वळलेला आहे. नकाशात पाहिलं तर आखाताची वाटी डोळ्यांत भरते. मला स्ट्रॅबो जास्त पटतो, कारण बंदरांची नावं बहुधा खलाशी ठेवतात आणि ते किनाऱ्याचा आकार पाहून ठेवतात.

एक चूक नामकोशांत वारंवार दिसते. गाएतानोचा संबंध गायुस या रोमन नावाशी जोडतात. गायुस जुन्या लेखनात क च्या अक्षराने लिहीत, म्हणून ही गफलत होते. दोन्ही नावं वेगळी आहेत. गायुसपासून 'गावचा' असा अर्थ निघत नाही आणि मधला 'एत' कुठून आला हेही सांगता येत नाही.

रानजाई
मग केतनशी काही नातं? कायेतान ऐकलं की केतनच वाटतं.

अर्धमात्रा
नाही. केतन संस्कृत आहे, घर किंवा ध्वज या अर्थाचं. उच्चार जवळ आले हा योगायोग. नात्यासाठी जुनी रूपंही जवळ यावी लागतात. केतनचं जुनं रूप केतनच आणि गाएतानोचं कायेतानुस, त्यामुळे मागे जावं तसं अंतर वाढत जातं.

वाटाड्या
नाव पसरलं ते संत गाएतानो दि थिएने यांच्यामुळे. जन्म १४८०, व्हिचेन्झा. मृत्यू ७ ऑगस्ट १५४७, नेपल्स. व्हिचेन्झा इटलीच्या उत्तरेला, गाएता कितीतरी दक्षिणेला. म्हणजे त्यांच्या जन्मापर्यंत 'गाएतेकर' हा अर्थ पुसून ते साधं नाव झालं होतं. त्यांच्या घराण्यात ते आधीपासून होतंच. पंधराव्या शतकात पादुआला तत्त्वज्ञान शिकवणारे एक गाएतानो दा थिएने होऊन गेले.

संतांनी १५२४ मध्ये ज्यांच्याबरोबर धर्मसंघ काढला त्यांतले एक जान पिएत्रो काराफा, पुढचे पोप चौथे पॉल. काराफा तेव्हा किएतीचे बिशप होते. किएतीचं लॅटिन नाव थेआते, म्हणून संघ थिएटाइन. म्हणजे संस्थापकाचं नाव गाएतेकर, घराणं थिएनेकर आणि संघ थेआतेकर. तीन गावांची नावं एका माणसाभोवती जमली आहेत. अभ्यासक इथे अडखळतात आणि थिएने व थिएटाइन यांचा संबंध जोडतात. तो नाही.

दुसरा घोळ त्याहून मोठा. १५१८ मध्ये आउग्सबुर्गला मार्टिन लूथरची चौकशी करणारे कार्डिनल कायेतान हे संत नव्हेत. ते तोम्मासो दे व्हिओ (१४६९-१५३४), डोमिनिकन संघाचे. त्यांचा जन्मच गाएतेचा, म्हणून लोक त्यांना 'गाएतेकर' म्हणत. त्यांच्या बाबतीत हे खरोखर आपल्या -कर सारखं आहे. नाव नव्हे, गावाची ओळख. सोळाव्या शतकातल्या कुठल्याही लिखाणात 'कायेतानुस' दिसला की आधी कार्डिनल धरा. संत तेव्हा फार थोड्यांना माहीत होते.

तारखा लक्षात ठेवण्यासारख्या: १६२९ मध्ये धन्य घोषित (संतपदाच्या आधीची पायरी), १६७१ मध्ये संतपद. नाव इटलीबाहेर जोराने पसरलं ते या दोन वर्षांच्या मधे आणि नंतर.

कोरीव
नाव कसं जातं याचं म्युनिक हे नमुनेदार उदाहरण आहे. बव्हेरियाच्या राजाची पत्नी हेन्रिएट आडेलहाइड ही तुरीनची, सव्हॉय घराण्यातली. वारस झाला तर चर्च बांधीन असा तिचा नवस होता. १६६२ मध्ये मॅक्स इमान्युएल जन्मला, १६६३ मध्ये पाया घातला गेला, वास्तुकार बोलोन्याचे बारेल्ली. चर्च संत कायेतानला वाहिलं आणि थिएटाइन संघाकडे दिलं. नवस, संत, संघ आणि वास्तुकार सगळं इटलीतून आलं. तरीही जर्मनमध्ये नाव गाएतानो राहिलं नाही, कायेतान झालं, कारण संताचं नाव प्रार्थनेत आणि चर्चच्या नोंदवहीत लॅटिनमध्ये होतं. तुमच्या म्हणण्याला हा चांगला पुरावा आहे.

साल्झबुर्गला कायेतानर चर्च आहे, प्राग शहरात नेरुदोवा रस्त्यावर थिएटाइनांचं चर्च आहे. चेक राष्ट्रगीताचे शब्द लिहिणारे नाटककार योसेफ कायेतान तिल (१८०८-१८५६) याच पट्ट्यातले.

दप्तरखाना
राजाची पत्नी नव्हे, इलेक्टरची (पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या संस्थानाधिपतीची). बव्हेरिया राज्य १८०६ मध्ये झालं.

कोरीव
बरोबर, दुरुस्ती मान्य. इलेक्टर फर्डिनांट मारिया.

वाटाड्या
पोलंडची वाट थोडी आडवळणाची आहे आणि म्हणून जास्त महत्त्वाची. सतराव्या शतकात ल्वूफच्या (आजच्या युक्रेनमधलं ल्विव) आर्मेनियन समाजाने रोमशी ऐक्य केलं. त्यांचे पाद्री शिकवून तयार करण्यासाठी थिएटाइन तिथे पाठवले गेले आणि त्यांनी विद्यालय चालवलं. त्यामुळे पोलिश आर्मेनियन घरांत कायेतान हे नाव शिरलं. लेखक कायेतान अब्गारोविच (१८५६-१९०९) अशाच घरातले. इटालियन गावाचं नाव, लॅटिन रूप, आर्मेनियन घर आणि पोलिश भाषा, हे एका ओळीत बसलेलं फार कमी नावांत दिसेल. पुढे पोलिशमधून लिथुआनियनमध्ये गेलं आणि तिथल्या प्रत्ययासह कायेतोनास झालं.

लिहिताना: पोलिश, चेक, जर्मन तिन्हीत मधलं अक्षर रोमन जे आहे, पण उच्चार य. कायेतान लिहायचं. काजेतान लिहिलं तर ते इंग्रजी वाचन झालं.

तिसवाडीकर
गोव्याबद्दल लिहितो, कारण इथे एक गैरसमज पक्का बसला आहे की कायतान हा 'अपभ्रंश' आहे.

पोर्तुगीज रूप काएतानो असं लिहितात. पण पोर्तुगालमध्ये त्यातला आए एकत्र होऊन आय होतो आणि शेवटचा ओ तोकडा उ होतो. कानाला ऐकू येतं ते काय्-ता-नु. कोकणीने फक्त तो शेवटचा पुसट उ सोडून दिला: कायतान. आन्तोनियोचं आंतोन, दोमिंगोसचं दुमिंग, तसंच हे. पेद्रोचा मात्र पेद्रू राहिला, कारण तिथे उ काढला तर शेवटी द्र उरतो आणि तो जिभेवर टिकत नाही. म्हणजे नियम सरळ आहे. काय हे अक्षर जसंच्या तसं पोर्तुगीज उच्चारातलं आहे, बिघडलेलं काहीच नाही.

आता संघ इथे कसा आला. थिएटाइन १६४० च्या सुमारास गोव्यात उतरले. त्यांना जायचं होतं गोवळकोंड्याला, तिथे परवानगी मिळाली नाही म्हणून ते गोव्यात राहिले. जुन्या गोव्यात त्यांनी बांधलेलं चर्च १६६१ च्या आसपास पूर्ण झालं. मधोमध घुमट, दर्शनी भागात दोन बुरूज, रोमच्या सेंट पीटर्सची आठवण देणारा चेहरा. बांधकाम सुरू झालं तेव्हा संत अजून 'धन्य'च होते, संतपदाला काही वर्षं बाकी होती. त्यामुळे चर्च रीतसर दैवी कृपेच्या मातेला वाहिलेलं आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते सां कायतानचंच. आसगावचं चर्चही याच संताचं. फेस्त ७ ऑगस्टला.

संघाने पुढे गोमंतकीय तरुणांनाही आत घेतलं, आणि नाव घरोघर जाण्याचं तेही एक कारण आहे. अठराव्या शतकात ते चांगलंच रुजलेलं दिसतं. संमोहनाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे गोमंतकीय पाद्री आबे फारिया यांचे वडील कायतानो व्हितोरिनो द फारिया. १७८७ च्या पिंटोंच्या कटातले (पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या) एक पाद्री कायतानो फ्रान्सिस्को कोतो. दोन नावं जोडून ठेवण्याची इथली पद्धत यांत दिसते आणि शोध घेताना तिचा उपयोग होतो.

रानजाई
मग मुंबईत आणि मंगळुरात काजेतान का म्हणतात?

तिसवाडीकर
लॅटिनच्या रोमन लेखनातला जे हा य च आहे. इंग्रजी शाळेत तो ज वाचला गेला आणि तोच रूढ झाला. म्हणून एकाच कुटुंबात गोव्यातले आजोबा कायतान आणि मुंबईतला नातू काजेतन असं होऊ शकतं, दोघांच्या दाखल्यांवर नाव एकच असून. मराठीत लिहिताना माणूस स्वतः जे म्हणवतो ते लिहावं. पण संताचं नाव लिहिताना ज नको.

अर्धमात्रा
पोर्तुगीज रूपाने माझ्या नियमाला थोडा धक्का लागतो हे कबूल करायला हवं. क लॅटिनचा आहे, पण मधला य गळालेला, इटालियनसारखा. म्हणजे ते रूप दोन्ही वाटांच्या मधे उभं आहे. नियम फक्त पहिल्या अक्षरापुरता धरू या.

कोरीव
नियम ग च्या बाजूनेही तपासला पाहिजे. फ्रेंच गाएतां आणि स्त्रीलिंगी गाएतान: ग. फ्रेंचांनी नाव इटलीकडून घेतलं, बसतं. माल्टीजमध्ये गेय्तानू, हम्रून गावाच्या पॅरिशचा संत तोच. माल्टा सिसिलीला खेटून आहे, नाव बोटीतून आलं, बसतं. कातालानमध्ये (बार्सेलोनाच्या भाषेत) मात्र गायेता आणि कायेता दोन्ही आहेत, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. नेपल्स आणि बार्सेलोना यांचे जुने दर्यावर्दी संबंध पाहता तिथे दोन्ही वाटा उघड्या होत्या. माझ्या मते हे नियमाला अपवाद नाही, उलट आधार आहे.

मीठभाकर
स्पॅनिश राहिलं. कायेतानो, स्त्रीलिंगी कायेताना. गोयाने जिची चित्रं काढली ती आल्बाची डचेस कायेताना म्हणूनच ओळखली जाते. अर्जेंटिनात हा संत भाकरीचा आणि कामाचा. ७ ऑगस्टला ब्युनोस आयर्सच्या लिनिएर्स भागातल्या त्याच्या देवळापाशी लांबच लांब रांगा लागतात. लोक हातात गव्हाच्या लोंब्या धरून उभे असतात, काम मिळू दे किंवा मिळालेलं टिकू दे म्हणून. तिथला उच्चार ऐकण्यासारखा आहे. त्या शहरात स्पॅनिश य चा श होतो, म्हणून सान काशेतानो. वाचताना य आणि ऐकताना श, त्यामुळे बातम्या ऐकून मराठीत लिहिणारे हे वेगळंच नाव समजतात.

बोलीभाषेत याच नावाचे दोन उपयोग आहेत. स्पॅनिशमध्ये गप्प राहणे या क्रियापदाचा उच्चार काय- ने सुरू होतो, म्हणून 'कायेतानो' म्हणजे गुपचूप, तोंड मिटून. आणि अलीकडे स्पेनमध्ये श्रीमंत वस्तीत वाढलेल्या, उजव्या विचारांच्या तरुणाला 'कायेतानो' म्हणू लागले आहेत. गरिबांच्या भाकरीचा संत आणि श्रीमंत पोराचं टोपणनाव, दोन्ही एकाच शब्दात.

ब्राझीलचे गायक कायतानो व्हेलोसो यांची जन्मतारीख ७ ऑगस्ट १९४२ आहे. कॅथलिक घरांत दिवसाच्या संताचं नाव ठेवण्याची चाल जुनी आहे, त्यामुळे या नावाच्या माणसाची जन्मतारीख हाती लागली की आधी ऑगस्टचा पहिला आठवडा पाहावा.

वाटाड्या
लाडक्या रूपांवर लिहायला हवं, कारण जुनी माणसं शोधताना तिथेच चुकतं.

इटालियनमध्ये जोर 'ता'वर, म्हणून लाडकं रूप मागच्या भागातून निघतं: तानो, तानिनो, सिसिलीत तानू. स्पॅनिशमध्येही तानो. पोलिशमध्ये जोर उपांत्य अक्षरावर, म्हणजे 'ये'वर सरकतो, आणि तान ला धरून राहायचं कारण उरत नाही. तिथे लाडकं रूप पुढच्या भागातून निघतं: कायतेक, कायतुश.

सावध राहायची जागा अर्जेंटिना. तिथे 'तानो' म्हणजे कुठलाही इटालियन माणूस. तो शब्द नापोलितानोच्या शेपटीतून आला आहे, गाएतानोतून नव्हे. जुन्या पत्रात 'तानो' दिसला म्हणून बाप्तिस्म्याचं नाव गाएतानो समजू नका.

अमेरिकेत गेलेल्यांचं नाव तीन तऱ्हांनी बदललं. पहिलं अक्षर धरून गाय: वाद्यवृंदाचे गाय लोम्बार्डो मुळात गाएतानो. तसंच गे: पत्रकार गे टलीझ हेही गाएतानो. आणि तानोला जवळचं म्हणून टॉमी: न्यूयॉर्कच्या माफियातला टॉमी लुकेझी, कागदावर गाएतानो. शेवटच्या प्रकारात नाव थॉमस असावं असं कुणालाही वाटेल.

रानजाई
मुलींमध्ये नाव चालतं का? आपल्याकडे कायतान मुलगेच ऐकले.

अर्धमात्रा
चालतं. इटालियन गाएताना. सगळ्यांत नामांकित उदाहरण मिलानच्या गणिती मारिया गाएताना अन्येसी (१७१८-१७९९). त्यांच्या नावाचा वक्र भूमितीत आजही शिकवतात. इथे गाएताना हे मारियाच्या मागे आलेलं दुसरं नाव आहे. पुरुषांतही तेच: संगीतकार डोनिझेट्टी यांचं पूर्ण नाव दोमेनिको गाएतानो मारिया, बर्गामोचे, म्हणजे उत्तरेचे. जगाने मधलंच उचललं. म्हणून सूचीत पहिलं नाव पाहून थांबू नये.

दप्तरखाना
नोंदवह्या वाचणाऱ्यांसाठी नेमकं लिहितो, कारण वरच्या सगळ्याचा उपयोग तिथे होतो.

लॅटिन नोंदवहीत (ऑस्ट्रिया, बोहेमिया म्हणजे आजचा चेक प्रदेश, पोलंड) नाव विभक्तीप्रमाणे बदलतं. कर्ता असेल तर कायेतानुस. 'चा मुलगा' अशा रचनेत बापाचं नाव षष्ठीत येतं, कायेतानी. चतुर्थी किंवा पंचमीत कायेतानो. या तिसऱ्या रूपाने खूप जण फसतात. 'नो' दिसलं की माणूस इटालियन किंवा स्पॅनिश धरतात आणि वंशावळीत नसलेली इटालियन शाखा उगवते. आधी वाक्यातलं क्रियापद आणि अव्यय पाहा. एखाद्या अव्ययानंतर 'नो' आला असेल तर ती विभक्ती आहे, भाषा नव्हे. आणि 'नी' दिसला म्हणून ते आडनाव समजू नका. इटलीत गाएतानी आणि काएतानी अशी खरी आडनावं आहेत, पोप आठवे बोनिफास काएतानी घराण्यातलेच. पण बोहेमियातल्या खेड्यातला 'कायेतानी' म्हणजे कायेतानचा मुलगा.

पोर्तुगीज नोंदवहीत विभक्ती नाही, पण संक्षेप आहेत. लेखनिक कागद आणि वेळ वाचवायला 'काएत' लिहून वर बारीक ओ काढतो. फ्रान्सिस्को आणि आन्तोनियोही असेच तोडतात. पुसट शाईत तो बारीक ओ दिसत नाही आणि वाचणारा 'कात' किंवा 'कार्ल' लावतो. अशा वेळी त्याच पानावर त्याच हाताने लिहिलेला आन्तोनियो शोधा. तिथे वरचा ओ कसा काढला आहे ते पाहून मग इकडे या. स्पेलिंग एका वहीत चार तऱ्हांनी सापडतं: मधे ए, मधे आय, मधे वाय, मधे जे. सूची रोमन अक्षरांत असेल तर पहिल्या दोन अक्षरांवर शोधा, पूर्ण नाव टंकू नका. इटलीतली नोंद हवी असेल तर जी खाली, पोलंडमधली हवी असेल तर के खाली.

शेवटचं एक. पोर्तुगीजमध्ये काएतानो आडनावही आहे. १९६८ ते १९७४ पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो काएतानो. त्यामुळे नोंदीत ते शेवटी आलं असेल तर बापाचं शेवटचं नाव तपासल्याशिवाय दुसरं नाव की आडनाव ते ठरवू नका. बापाच्या नोंदीतही शेवटी तेच आलं, आजोबाच्याही, तर आडनाव. एकदाच आलं तर ७ ऑगस्टच्या आसपासचा जन्म शोधा.